वॉर्डातली नणंद

तुम्ही नोकरीत काय केलंत, असं कोणी विचारलं की मी सांगते, पस्तीस वर्षं बायकांना बाळाला अंगावर पाजायला शिकवलं. समोरचा माणूस हमखास हसतो. मांजरीला कोण शिकवतं, असं एका बँकेतल्या साहेबांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, मांजरीला सासू नसते.

बनारसच्या एका सरकारी महिला रुग्णालयात मी बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. घर दुर्गाघाटच्या गल्लीत. पणजोबा वेद शिकायला वाईहून काशीला आले ते परत गेलेच नाहीत. आम्ही घरात मराठी बोलतो, भांडण मात्र हिंदीत करतो, कारण त्याला जोर येतो.

माझं काम बाहेरच्या माणसाला पाच मिनिटांत सांगता येतं. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं पाहिजे. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. बाळ जितकं पिईल तितकं दूध येतं, न पाजलं तर आटतं. पहिल्या दिवशी बाळाचं पोट छोट्या बोराएवढं असतं, त्यामुळे एका वेळी चमचाभर दूध त्याला पुष्कळ होतं. संपलं माझं शास्त्र. उरलेली पस्तीस वर्षं मी भीती घालवण्यात खर्च केली. "सिस्टर, दूधच येत नाहीये," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही, आणि त्यातल्या बहुतेक बायकांना दूध होतं. नव्हता तो धीर. एका सासूबाईंनी तर मला सांगितलं होतं, आधी वाटीत काढून दाखवा, डोळ्यांनी बघते, मग विश्वास ठेवते.

पहिलं दूध पिवळसर आणि घट्ट असतं. मराठीत त्याला चीक म्हणतात, इकडे गाई-म्हशीच्या चिकाला फेनुस. गाय व्याल्याचं कळलं तर खरवसासाठी आम्ही गवळ्याशी सलगी करतो, चार घरं आधी नंबर लावतो. आणि आईचा चीक मात्र खराब म्हणून पिळून टाकायला सांगतो. माणसाच्या अकलेची ही गंमत मला शेवटपर्यंत उलगडली नाही.

आता त्या रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या या भागात बाळ जन्मलं की आईने लगेच पाजायचं नसतं. बाळाच्या आत्याने, म्हणजे बाळंतिणीच्या नणंदेने, यायचं. दूर्वा बुडवलेल्या पाण्याने वहिनीची छाती धुवायची, म्हणजे धुलाई करायची, आपलं नेग घ्यायचं आणि मग बाळ वहिनीच्या पदराखाली द्यायचं. नेग म्हणजे नणंदेच्या मानाची भेट. साडी, पैंजण, ज्याची जशी ऐपत. रीत तशी गोड आहे. सासरी गेलेल्या मुलीला त्या निमित्ताने माहेरी मान मिळतो. पण नणंद मिर्झापूरला असली, तिची बस चुकली, तिच्या म्हशीला बरं नसलं, तर बाळ तोवर मध आणि शेळीच्या दुधावर थांबतं. आम्ही महाराष्ट्रातून आलेली माणसं. आमच्याकडे सोनं उगाळून मध चाटवण्याची पद्धत होती. काशीत चार पिढ्या काढल्यावर घरात दोन्ही रीती नांदू लागल्या. सोडली कुठलीच नाही.

या रिवाजावरून मी वॉर्डात पुष्कळ तोंड वाजवलं आहे. एकदा मुन्शी घाटावर नाव चालवणाऱ्या घरातली एक सून आली होती. बाळ होऊन सात तास झाले तरी पाजलं नव्हतं, ननद येतेय म्हणून. मी तिच्या आजेसासूला सगळ्या वॉर्डासमोर झापलं. अडाणी म्हटलं, लेकराच्या जिवावर उठलात म्हटलं. म्हातारी शांतपणे सुपारी चघळत होती. ती म्हणाली, "ए बहिनजी, तोहरे घरे ननद नाहीं हौ का?"

मी ताठ्यात सांगितलं, "हमारे घर की ननद मैं ही हूँ."

"त जब बारी आई, तब देखल जाई," एवढंच बोलून तिने तोंड फिरवलं. तुझी पाळी येईल तेव्हा बघू.

पाळी यायला दोन वर्षंही लागली नाहीत. ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाऊ श्रीपाद माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई, श्रीपाद, त्याची बायको मृणाल आणि मी, असे चौघं एकाच घरात. मृणाल नाशिकची, कमी बोलणारी. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस राहिले. तिच्या डोहाळजेवणाला सगळ्या बायका चेष्टेच्या रंगात होत्या, त्यात मी पुढे. मी म्हटलं, बघ हं मृणाल, मी आल्याशिवाय धुलाई करायची नाही, मला बनारसी साडीचं नेग हवंय, तेही अस्सल जरीचं. सगळ्या हसल्या. मृणालला हा प्रकार माहीत नव्हता. आमच्याकडे असं नसतं, असं ती हळूच म्हणाली. आईने सांगितलं, इथं असंच असतं. मीही हसत होते. वॉर्डात ज्या रीतीवर मी दात-ओठ खायची ती माझ्याच माजघरात मला गोड लागत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

जेठ महिन्यात मला लखनौला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, जन्मानंतरच्या पहिल्या तासात स्तनपान. मृणालला अजून तीन आठवडे अवकाश होता, म्हणून मी गेले. पहिल्या दिवशी संध्याकाळी वर्गाबाहेर आले, फोन सुरू केला, तर श्रीपादचा आवाज: ताई, तू आत्या झालीस. सकाळी दहालाच एका खाजगी नर्सिंग होममध्ये झालं, मुलगी आहे, दोन किलो शंभर, दोघी ठीक आहेत. मी कॉरिडॉरमध्येच नाचले. श्रीपाद म्हणाला, आई म्हणते आम्ही तुझी वाट बघतोय.

आणि मी काय म्हणाले? "हो हो, मी आल्याशिवाय काही करू नका."

ज्या प्रश्नाने मी वॉर्डात रोज प्रत्येक खाटेपाशी सुरुवात करायची, पाजलं का, तो एक प्रश्न मला सुचला नाही. त्याच दुपारी वर्गात त्याच विषयावर माझ्या उत्तराला टाळ्या पडल्या होत्या. मला वाट बघितली जाण्याचा इतका आनंद झाला होता की त्यापुढे माझं सगळं शिक्षण वाहून गेलं. याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशीचा वर्ग सोडून मी सकाळची गाडी पकडली. ऊन असं की गाडीच्या खिडकीची सळई हाताला चटका देत होती. नर्सिंग होमला खाट हवी होती म्हणून त्यांनी आठलाच सगळ्यांना घरी पाठवलं होतं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. आईने बाळ छातीशी धरून चालत आणलं. मी दुपारी बाराला घरात शिरले, तेव्हा आई उंबऱ्यातच उभी होती. हातात चांदीची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात दूर्वा. बाजूला पाटावर लाल कागदात गुंडाळलेली साडी. आईचा चेहरा असा फुलला होता की मीही क्षणभर हसले.

मग मी बाळ पाहिलं. जन्माला सव्वीस तास झाले होते. ओठ कोरडे, टाळू किंचित खोल गेलेली. पायाच्या तळव्याला टिचकी मारली तर मूल रडलं नाही, फक्त कपाळाला आठी घातली. मी लंगोट पाहिला. कोरडा. कधीपासून, असं विचारलं. रात्रीपासून, मृणाल म्हणाली. काय दिलं? मध दिला, गंगाजल दिलं, काल बोंडल्याने डब्याचं दूध दिलं ते तिने ओकलं. मृणालच्या ब्लाउजवर समोर दोन ओले डाग होते. बाईला पान्हा फुटून वाहत होता आणि हातभर अंतरावर तिचं मूल सुकत होतं.

मी आईकडे वळले. जे शब्द मी मुन्शी घाटाच्या म्हातारीला ऐकवले होते तेच जिभेवर आले होते. आई माझ्याकडे बघून गोंधळली आणि म्हणाली, "उषा, तूच म्हणाली होतीस ना."

मी पिशवी खाली टाकली.

हात धुतले. श्रीपादला सांगितलं, चौकात रिक्षा उभी करून ठेव, अर्ध्या तासात बाळ पिऊ लागलं तर ठीक, नाही तर माझ्या रुग्णालयाच्या नवजात कक्षात न्यायचं. तो चप्पल न घालता पळाला. मी मृणालजवळ बसले, बोंडलं उकळत्या पाण्यातून काढलं आणि हाताने चीक काढायला लागले. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. आमच्या घरचं चांदीचं, त्यातून श्रीपाद प्यायला होता, मी प्यायले होते. थेंब थेंब करत चमचाभर पिवळा चीक जमला. बाळाच्या ओठाला चोच लावली. पहिला थेंब गालावरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला जीभ बाहेर आली, मांजरीच्या पिल्लासारखी, आणि घोट गिळल्याचं मला गळ्यापाशी दिसलं. आई मागे उभी राहून देवाचं नाव घेत होती. वाटीतलं दूर्वांचं पाणी तिच्या पायांवर सांडलेलं तिला कळलं नव्हतं.

चमचाभर चीक पोटात गेल्यावर मी बाळाचं दुपटं काढलं आणि मुलीला तशीच उघडी मृणालच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली, वरून पातळ सुती साडी. आणि थांबले. हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. काही करायचं नाही, ढकलायचं नाही, फक्त बघायचं.

पाच-सात मिनिटं काही हललं नाही. मग एक मूठ उघडली. मुलीने स्वतःची बोटं चाटली. डोकं उचलायचा प्रयत्न केला, ते आपटलं, पुन्हा उचललं. पाय आईच्या पोटावर रेटले आणि ती सरकली. दोन किलोंचा जीव, मान धरत नाही, डोळ्यांना धड दिसत नाही, आदल्या दिवसापासून उपाशी. आणि तो जीव वासावर वाट काढत निघाला होता. नीट डावीकडे, वळणं न घेता, रस्ता पाठ असल्यासारखी ती सरकत होती. तोंड मोठं उघडलं, हनुवटी टेकली, आणि गाल फुगेपर्यंत तिने ओढलं. मृणालच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. मी तोवर हजारो बाळं पाजलेली पाहिली होती, पण माझ्या अंगावर काटा आला. हे त्यांना कोण सांगतं? काशीत देवळं पुष्कळ, पण मला विचाराल तर मी त्या दुपारी जे पाहिलं त्याच्यापुढे मान आपोआप खाली गेली.

त्या संध्याकाळी मी तिला रुग्णालयात नेऊन टाचेतून रक्त काढून साखर तपासली, वजन केलं. साखर काठावर होती पण होती. वजन दोन किलोंच्या खाली उतरलं होतं. पहिल्या दिवसांत सगळ्यांचंच थोडं उतरतं, तिचं जरा जास्त. आम्ही दर दोन तासांनी पाजत राहिलो. चौथ्या दिवशी सहा लंगोट ओले झाले, आणि ओला लंगोट पाहून आनंदाने हात जोडणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील तर आमच्या घरी यायला हवं होतं. बाराव्या दिवशी ती जन्माच्या वजनावर आली. पुढे रोज पंचवीस-तीस ग्रॅम. मी रोज ड्यूटीवरून येताना वॉर्डातला काटा पिशवीतून आणायची आणि परत न्यायची, हे आता निवृत्त झाले म्हणून सांगते.

आईचा एकच हट्ट राहिला होता. एवढ्या उन्हात लेकराला पाणी नको? निदान गंगाजल? मी सांगितलं, आईच्या दुधात पाणीच जास्त असतं, सहा महिने दुसरा थेंब नको. गंगाजल पण नको, तिने पुन्हा विचारलं, काशीत राहून? शेवटी आमची तडजोड झाली. आई रोज चमचाभर गंगाजल बाळाच्या पायांना लावायची आणि मृणालकडे बघून म्हणायची, आतली गंगा तू सांभाळ. सहा महिन्यांत मुक्ता, हे तिचं नाव, सात किलोंची झाली. हाताला वळ्या, मांडीला वळ्या. फक्त दुधावर. मी रोज सकाळी तिला बघायची आणि मला रोज ते खरं वाटायचं नाही.

साडी मी घेतली नाही. मृणालने तीनदा पुढे केली, मी तीनदा परत केली. नंतर ती तिच्या कपाटात गेली. आईने त्या दिवसानंतर वाटी कधी बाहेर काढली नाही, आणि पाच वर्षांपूर्वी आई गेली.

वॉर्डात मात्र माझी रीत बदलली. मला कळलं की रागावून काही होत नाही. म्हातारीला मान हवा असतो, बाळाला दूध हवं असतं, आणि दोन्ही एकाच वेळी देता येतं. लेबर रूममध्ये बाळ रडलं की मी कोमट पाण्यात स्वच्छ कापड बुडवायची आणि बाहेर येऊन घरच्यांना सांगायची, ननद आली आहे, मी बहूची ननद, धुलाई मीच करणार. कधी बायका हसायच्या, कधी हुज्जत घालायच्या. खरी ननद लांब असली तर तिला फोन लावून मी परवानगी मागायची. एक ननद गाझीपूरहून फोनवर म्हणाली, करा दीदी, पण साडी माझीच राहील. मी म्हटलं, साडी तुझी, मला वेगळं नेग हवंय, बाळ पहिल्यांदा ओढेल ते मला बघू दे. असं नेग मी किती घेतलं, सांगता येणार नाही. सगळा वॉर्ड मला ननद म्हणायला लागला. नव्या नर्सेसना शिकवताना मी आमच्या मुक्ताची गोष्ट सांगायची, उपाशी बाळ कोणी न शिकवता, पहिल्याच वेळी, नीट रस्ता शोधत कसं जातं ते. बारा वर्षं सांगितली. टाळ्याही घेतल्या.

निवृत्तीच्या दिवशी घरी आले. मुक्ता एव्हाना बारा वर्षांची, माझ्यापेक्षा बोटभर उंच. ती दारात हार घेऊन उभी होती. मृणाल आतून ती लाल कागदातली साडी घेऊन आली. माझ्या हातात दिली, पण हात सोडला नाही.

"वन्सं, आज घ्याच. पण आधी एक ऐका. बारा वर्षं बोलले नाही."

साडी तशीच दोघींच्या हातांत होती.

"त्या दिवशी घरी आल्यावर आई गंगेवर गेल्या होत्या. हे औषध आणायला गेले होते. घरात मी आणि ही. ही रडायचीसुद्धा थांबली होती. मला नाही राहवलं. मी हिला डाव्या बाजूला घेतलं. चार-पाच घोट प्यायली असेल. मग जिन्यावर आईंची पावलं वाजली आणि मी पदर ओढून घेतला."

ती पुढे म्हणाली, "तुमचा मान मोडला असं आईंना वाटलं असतं. आणि मग तुम्ही तिला वाचवलंत तेही खरंच होतं. म्हणून गप्प राहिले."

मी पाटावर बसले. डावी बाजू. नीट डावीकडे, रस्ता पाठ असल्यासारखी. अहो, पाठच होता. बारा वर्षं मी ज्याला निसर्गाचा चमत्कार म्हणून शिकवत होते, त्यातला पहिला धडा या न बोलणाऱ्या बाईने रिकाम्या घरात, सासूच्या पावलांचा कानोसा घेत देऊन ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाठीशी नव्हतं, इथं असंच असतं म्हणून सगळे सांगत होते. आणि त्या कोरड्या सव्वीस तासांत ते चार-पाच घोट नसते, तर माझ्या बोंडल्याला गिळणारा घसा मला मिळाला असता का? मला माहीत नाही. मी नर्स आहे, हिशेब लावता येतो, पण तो मला लावायचा नाही. मला फक्त एवढं कळलं की पस्तीस वर्षं मी आश्चर्याने बाळांकडे बघत राहिले आणि आयांकडे बघायचं थोडं राहूनच गेलं.

मी उठले. कागद काढला. अस्सल जरीची, गडद मोरपंखी साडी, बारा वर्षांत घडीवर फिकट रेघ पडलेली. ती उलगडून मी मृणालच्या खांद्यांवरून पांघरली. ती नको नको म्हणत मागे सरत होती, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, माझ्याही.

मुक्ता हार हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "बुआ, उलटं काय करताय? नेग तो आपका है ना? किस बात का नेग दे रही हो?"

"तुला भूक लागली होती," मी म्हटलं, "आणि तिने कोणाची वाट पाहिली नाही, त्याचं."